पोराने पाटे काढले, मी घातले होते

आजची गोष्ट आमच्या घरच्या पिकअपची आहे. गाडीची गोष्ट सांगून मोठेपणा मिरवण्याचा हेतू नाही, उलट थोडी लाजच वाटते. पण आता वाडीवस्तीवर अशा गाड्या झाल्या आहेत, आणि आमच्या घरात जे घडले ते तुमच्या घरात घडू नये, म्हणून लिहितो.

आमचे शेत अंबड तालुक्यात. आठ एकरांपैकी तीन एकर मोसंबी, बाकी कापूस आणि तूर. जालन्याच्या मोसंबीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण मानांकन मिळाले म्हणून माल आपोआप बाजारात जात नाही. तो कॅरेटमध्ये भरावा लागतो, उचलावा लागतो आणि गाडीत चढवावा लागतो. त्यासाठी 2017 साली आम्ही एक जुनी पिकअप घेतली. कागदावर तिला सव्वा टन माल न्यायची परवानगी. एक कॅरेट पंचवीस किलोचे धरले तर हिशेबाने पन्नास कॅरेट झाले.

पन्नास कॅरेट घेऊन जालन्याला जायचे, परत यायचे आणि पुन्हा तीस कॅरेट न्यायचे, हे माझ्या जिवावर आले. डिझेल दुप्पट, दिवस दुप्पट. एका मिस्त्रीने सुचवले की मागच्या बाजूला दोन-दोन पाटे वाढवले तर ऐंशी कॅरेट एका खेपेत जातील. मी पाटे वाढवले. पाटे म्हणजे काय ते ठाऊक नसणाऱ्यांसाठी सांगतो. चाकाच्या दांड्यावर पोलादाच्या वाकवलेल्या पट्ट्यांची एकावर एक थप्पी असते, तीच गाडीची कमान. गाडीचे ओझे तिच्यावर बसते आणि खड्ड्याचा दणका तीच खाते. पट्ट्या वाढवल्या की कमान ताठ होते आणि गाडी मागून उंच उभी राहते. आमची गाडी रिकामी असली की शेपूट वर केलेल्या गोऱ्ह्यासारखी दिसे.

उंचीचा त्रास पुरुषांना कमी, बायकांना जास्त. आमच्याकडे माल तोडायला आणि भरायला घरची कारभारीण आणि गल्लीतल्या चार-पाच बाया असतात. पंचवीस किलोचे कॅरेट छातीपर्यंत उचलून गाडीत सरकवायचे, तेही दिवसात पन्नास-साठ वेळा. कारभारणीची कंबर धरली. ती तक्रार करणारी नाही. फक्त एकदा म्हणाली, "अहो, ही गाडी वीतभर खाली असती तर बरं झालं असतं." मी ऐकले आणि सोडून दिले. धाकट्या पोराने मात्र ते मनात ठेवले.

पोरगा तेव्हा बावीस वर्षांचा. मोबाईलवर गाड्या पाहायचा त्याला नाद. परदेशात जमिनीला टेकतील इतक्या खाली आणलेल्या पिकअप गाड्या तो मला दाखवी. मी हसत असे. पुढे थोडी माहिती काढली तेव्हा कळले की हा नाद जुना आहे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात मूळच्या मेक्सिकन घरांतली तरुण मुले दुसऱ्या महायुद्धाच्या पुढेमागे जुन्या गाड्या घेत आणि मागच्या डिकीत वाळूच्या गोण्या टाकून त्या खाली बसवत. पुढे कोणी कमानी तापवून बसवू लागले, कोणी कापू लागले. प्रकार इतका वाढला की तिथे 1958 साली कायदा आला, चाकाच्या डिस्कच्या कडेपेक्षा गाडीचा कोणताही भाग खाली येता कामा नये. तो कायदा 2024 च्या सुरुवातीला उठला. तिथले रस्ते गुळगुळीत आणि ती गाडी हौसेची, रविवारी हळूहळू फिरवायची. आपली गाडी पोटाची. हा फरक मोबाईल सांगत नाही.

2022 च्या पावसाळ्यात मी पाहुण्यांकडे चार दिवस गेलो होतो. परत आलो तर दारात गाडी निराळीच. पोराने मी घातलेले पाटे काढलेच होते, मूळचेही दोन काढले होते. जुने टायर आणि लोखंडी डिस्क विकून चकचकीत अलॉयची चाके आणि बुटके टायर बसवले होते. गाडी खरोखर वीतभर खाली आली होती. मी रागावणार, तोच कारभारणीने एक रिकामे कॅरेट उचलून सहज गाडीत ठेवून दाखवले. तिच्या तोंडावरचा आनंद पाहून माझा राग जिरला. पोरगा म्हणाला, "अण्णा, आईची कंबर वाचली की नाही? आन् ॲव्हरेजही वाढलं. अकरा द्यायची, आता बारा देती."

त्या ॲव्हरेजची गंमत आधी सांगतो. जुना टायर 215/75 आर 15 मापाचा होता, नवा 195/65 आर 15. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा म्हणजे रुंदीच्या शेकडा किती उंची, आणि शेवटचा म्हणजे डिस्कचा व्यास इंचांत. यावरून हिशेब केला तर जुने चाक सुमारे 703 मिलिमीटर उंच आणि नवे 634. लहान चाक तेवढ्याच वाटेला जास्त फेरे घेते. काट्याला वाटते गाडी जास्त चालली. म्हणजे काटा साठ दाखवत होता तेव्हा गाडी चोपन्नानेच पळत होती, आणि शंभर किलोमीटर चालली की काटा एकशे दहा-अकरा सांगत होता. डिझेल वाचले नव्हते, फक्त मापटे लहान झाले होते. लहान पायलीने धान्य मोजले म्हणून रास वाढत नाही.

यात हसण्यासारखे आहे, पण पुढचे हसण्यासारखे नाही.

भादव्यातला दिवस. आंबे बहाराचा माल जालन्याला उतरवून गाडी रिकामी परत येत होती. पोरगा चालवत होता, शेजारी त्याची आई बसली होती, कारण तिला बाजारात सुनेसाठी लुगडे घ्यायचे होते. मी घरी होतो. पाऊस नुकताच पडून गेलेला. आपल्या भागात शेतातून निघणारे ट्रॅक्टर काळ्या मातीचा चिखल डांबरी रस्त्यावर आणतात आणि त्यावर सर पडली की रस्ता साबणासारखा होतो, हे तुम्हाला सांगायला नको. एका फाट्याजवळ वासरू आडवे आले. पोराने ब्रेक दाबला. वेग फार नव्हता. पण मागची दोन्ही चाके जागच्या जागी जखडली, गाडीचे शेपूट पुढे आले, गाडी गरकन फिरली आणि रस्त्याच्या कडेच्या चारीत बाभळीला अडली.

पोराला खरचटले. कारभारणीचा उजवा हात मनगटात मोडला. सहा आठवडे प्लास्टर. देवाने वाचवले असे सगळे म्हणाले, मीही म्हणालो. पण मनात एक प्रश्न बसला. वेग नव्हता, टायर नवे होते, ब्रेक नवे होते, मग गाडी फिरली कशी?

गाडी ओढून आमच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे नेली. त्याने जॅक लावला नाही, पाना घेतला नाही. गोणपाट अंथरून गाडीखाली गेला आणि मला हाक मारली. "मामा, खाली या. दाखवतो." मीही पालथा होऊन गेलो. मागच्या चाकाच्या दांड्यापासून वर साट्याला जोडलेली बोटाएवढी एक सळई त्याने दाखवली.

"ही काय करती ठावं आहे का?"

"नाही."

"ही गाडीला सांगती, पाठीवर ओझं किती हाय ते."

त्याने समजावले ते असे. रिकाम्या पिकअपचे मागचे अंग हलके असते. हलक्या अंगाला जास्त ब्रेक लावला तर चाक जखडून घसरते. भरलेल्या गाडीला मात्र मागे जास्त ब्रेक हवा. म्हणून कारखान्यातूनच तिथे एक झडप बसवलेली असते. गाडीत माल भरला की साटा खाली येतो, सळई हलते आणि झडप मागच्या चाकांना जास्त ब्रेक सोडते. माल उतरला की साटा वर जातो आणि मागचा ब्रेक कमी होतो. झडपेला डोळे नाहीत. साटा आणि दांडा यांत अंतर किती, एवढेच तिला कळते.

पोराने पाटे काढून गाडी खाली आणली. झडपेला वाटले, गाडी भरली आहे. गाडी तर रिकामी होती. तिने मागच्या चाकांना भरल्या गाडीचा ब्रेक दिला, आणि ओल्या रस्त्यावर चाके जखडली. गाडी फिरण्याचे कारण हे होते. ज्या गॅरेजात पाटे काढले तिथे ती सळई कोणी पाहिलीच नव्हती.

पोरगा बाजूला मान खाली घालून उभा होता. मी त्याच्याकडे पाहिले आणि बोलायला तोंड उघडले, तेवढ्यात मिस्त्रीने कमानीला धरणारे यू-बोल्ट बोटाने दाखवले. नटाखाली त्यांचे आटे दोन-अडीच इंच मोकळे लोंबत होते. तो म्हणाला, "हे बोल्ट कंपनीचे न्हाईत. लांब हाईत. या गाडीला आधी कुणीतरी पाटे वाढवले होते. कुणी?"

मी उत्तर दिले नाही. पोरगाही काही बोलला नाही. मिस्त्री समजला.

"मग तेव्हा भरल्या गाडीला ब्रेक कमी लागत असतील."

लागतच होते. ऐंशी कॅरेट, म्हणजे दोन टन, घेऊन मी जालन्याला जात असे आणि गाडी थांबायला फार लांब जाई. दोनदा ब्रेकचे लायनर बदलले होते. दोष लायनरचा नव्हता. पाटे वाढवल्यामुळे गाडी भरूनही उंचच राही. झडपेला वाटे, गाडी रिकामी आहे, आणि ती मागचा ब्रेक आखडून धरी. अंबडच्या रस्त्यावर एकदा शाळेच्या पोरांच्या घोळक्याअलीकडे गाडी जेमतेम थांबली होती. त्या दिवशी मी ब्रेकला शिव्या दिल्या होत्या. शिव्या मला द्यायला हव्या होत्या.

वाचकहो, त्या गाडीखाली पडल्यापडल्या मला कळले की पोराच्या आणि माझ्या चुकीत फरक नाही. असलाच तर तो माझ्या विरुद्ध आहे. त्याने आईच्या कमरेसाठी केले, थोडे हौसेसाठी केले. मी डिझेलच्या पैशासाठी केले. त्याच्या चुकीने घरच्या माणसाचा हात मोडला, माझ्या चुकीने दुसऱ्यांची लेकरे गेली असती.

विम्याचा माणूस आला, त्याने फोटो काढले आणि पहिला प्रश्न चाकांबद्दल विचारला. गाडी मूळ बनावटीप्रमाणे नव्हती, म्हणून पैसे पुरते मिळाले नाहीत. वाईट वाटले, पण त्याचे म्हणणे खोटे नव्हते. तेव्हा मी कायद्याचीही चौकशी केली. मोटार वाहन कायदा 1988 चे कलम 52 सांगते की कंपनीने ठरवलेल्या मूळ बनावटीशी विसंगत असा बदल मालकाने करू नये. सर्वोच्च न्यायालयाने 9 जानेवारी 2019 रोजी केरळातल्या एका खटल्यात हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठरली. जादा ओझ्याला वीस हजार आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार. मी दोन पाट्यांत वाचवलेले डिझेल एका पावतीत गेले असते.

आता चाकांविषयी. आमच्या वडिलांची लाकडी चाकांची बैलगाडी होती. दर दोन-तीन वर्षांनी धाव ढिली झाली की गावात ती चढवण्याचा कार्यक्रम असे. गोवऱ्यांच्या आगीत लोखंडी धाव लाल करायची, चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायची आणि पाणी ओतायचे. धाव आकसली की आरे तुंब्यात गच्च बसत. लोहार आधी विचारी, गाडी माळावर चालणार की काळ्या रानात, ओझे कशाचे, बैल केवढे. मगच चाकाचे माप धरी. पुढे वडिलांनी टायरची गाडी केली. ती बुटकी होती, भरायला सोपी, बैलांना हलकी. पण पावसाळ्यात खोल चाकोरीत तिचे पोट मधल्या उंचवट्याला घासे, म्हणून वडील ती पांदीने नेत नसत. खाली आणण्याचा फायदा आणि तोटा दोन्ही त्यांना ठाऊक होते.

हवेचा टायर ज्याने चालवून दाखवला तो जॉन डनलॉप हा बेलफास्टचा जनावरांचा डॉक्टर. 1888 साली त्याने तो आपल्या लहान मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी केला, मुलाला दणके बसू नयेत म्हणून. बापाने मुलासाठी केलेली वस्तू ती. तिची निवड आपण किती कमी काळजीने करतो पाहा.

टायर घेताना दुकानात चार गोष्टी आपल्या डोळ्यांनी वाचा. पहिली, माप. दाराच्या चौकटीवर किंवा गाडीच्या पुस्तकात कंपनीने दिलेलेच घ्या. दुसरी, मापाच्या पुढचा भाराचा आकडा. आमच्या जुन्या टायरवर 106 होता, म्हणजे एका टायरची ताकद 950 किलो. पोराने बसवलेल्यावर 91 होता, म्हणजे 615 किलो. मागच्या दोन टायरांची मिळून ताकद 1230 किलो. रिकाम्या गाडीचे मागचे वजनच काट्यावर सातशेच्या आसपास भरते. त्यावर सव्वा टन माल टाकला, आणि तो बहुतेक मागच्याच चाकांवर बसतो, तर हिशेब तुम्हीच करा. ते कारचे टायर होते, दिसायला सुरेख, पण ओझ्याला निकामी. तिसरी, टायरचे वय. बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. 2319 असेल तर टायर 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. दुकानात पडून म्हातारा झालेला टायर नवा म्हणून घेऊ नका. चौथी, नक्षीच्या खोबणीतल्या लहान आडव्या उंचवट्याच्या खुणा. नक्षी झिजून त्या खुणांबरोबर आली की 1.6 मिलिमीटरच उरली असे समजा, आणि टायर बदला.

एकाच दांड्यावर एक नायलॉन आणि एक रेडियल असे जोडू नका. रिमोल्ड टायर पुढच्या चाकांना लावू नका, पुढचा टायर फुटला तर सुकाणू हातात राहत नाही. हवा सकाळी, टायर थंड असताना पाहा. कमी हवेचा टायर जास्त दबतो, दबून तापतो आणि तापून फुटतो. समृद्धी महामार्ग 11 डिसेंबर 2022 ला नागपूर ते शिर्डी सुरू झाला आणि आपल्या जिल्ह्यातून जातो. त्या सलग काँक्रीटच्या रस्त्यावर टायर फुटून अपघात होऊ लागले, तेव्हा 2023 साली तिथे टायर तपासण्याची मोहीम घ्यावी लागली. गावच्या रस्त्यावर खड्डे आपल्याला हळू चालवतात म्हणून वाईट टायर खपून जातो. तिथे खपत नाही.

डिस्कविषयी एवढेच सांगतो की लोखंडी डिस्क दगडावर आपटली तर वाकते आणि ठोकून चालवता येते. अलॉय सांध्यात तडकते. आमच्या बांधाच्या वाटेला लोखंडीच बरी.

आम्ही गाडी मूळ पाट्यांवर आणली, ना जास्त ना कमी. सळई मिस्त्रीने मापाने लावून दिली, योग्य टायर घेतले, समोरच्या दिव्यांचा झोतही जुळवून घेतला. आता गाडीत पन्नासच कॅरेट जातात.

पण कारभारणीच्या कमरेचे काय? तो प्रश्न खराच होता, आणि पोराने तो ओळखला होता, मी नाही. प्लास्टर निघायच्या आत पोराने आणि मी मिळून बागेच्या तोंडाशी दगड-मुरमाचा एक ओटा बांधला. उंची गाडीच्या फळीइतकी, एका बाजूने उतार. बाया कॅरेट हातगाड्यावर घेऊन उताराने वर येतात आणि फळीवरून गाडीत सरकवतात. उचलणे जवळजवळ नाहीच. खर्च मुरमाच्या दोन ट्रॉल्या आणि आमची चार दिवसांची मेहनत. गाडी खाली आणायला गेलेल्या पैशात असे तीन ओटे झाले असते.

ओटा झाला त्या दिवशी कारभारीण गळ्यात हात बांधून पाहायला आली. वर चढून उभी राहिली, खाली गाडीकडे पाहिले आणि म्हणाली, "हे पाच वर्षांपूर्वी सुचलं असतं तर?"

मला उत्तर सुचले नाही. पोराने हसून माझ्याकडे पाहिले, आणि आम्ही दोघे पहिले कॅरेट भरायला गेलो.